गर्भनिरोधक गोळ्या: भीती कशाची आणि काळजी कशाची

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये गर्भनिरोधक गोळ्यांविषयीची पत्रे बरीच आहेत. त्यांतील पुष्कळशी अशा स्त्रियांची किंवा मुलींच्या आयांची आहेत, ज्यांना या गोळ्या गर्भ राहू नये म्हणून दिलेल्याच नाहीत. कुणाला अतिरक्तस्रावासाठी, कुणाला पाळीतल्या असह्य वेदनांसाठी, कुणाला पीसीओएससाठी, म्हणजे संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) बिघाडामुळे पाळी अनियमित होण्याच्या विकारासाठी, त्या लिहून दिल्या गेल्या, पाकिटावरचा मजकूर वाचून घरात चर्चा सुरू झाली आणि उपचार तिथेच थांबला. म्हणून या अंकातील सर्व उत्तरे याच एका विषयाला दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न: माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. गेले वर्षभर तिची पाळी दहा-बारा दिवस चालते, गाठी पडतात आणि शाळेत तिला दोनदा चक्कर आली. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्यांबरोबर आणखी एक पाकीट दिले. ते गर्भनिरोधक गोळ्यांचे असल्याचे मेडिकलच्या दुकानात कळले. तिच्या आत्याचे म्हणणे असे की, लग्नाआधी या गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होत नाही आणि उंचीही खुंटते. तिच्या वडिलांना तर अजून सांगितलेलेच नाही. गोळ्या सुरू करू का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: सुरू कराव्यात, आणि लवकर कराव्यात. सोळा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन ७.८ असणे हा किरकोळ अशक्तपणा नव्हे. तिचे शरीर दर महिन्याला जितके रक्त गमावते आहे, तितके पुन्हा तयार करणे त्याला जमत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

हे का घडते ते आधी समजून घ्यावे. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे अनेक मुलींमध्ये दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडत नाही. स्त्रीबीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, आणि केवळ इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते. असे जाड आणि अस्थिर झालेले अस्तर मग एकदम न सुटता तुकड्यातुकड्याने सुटते आणि रक्तस्राव लांबतो. संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे द्रव्य अशी दोन्ही संप्रेरके असतात. त्यांमुळे अस्तर पातळ आणि स्थिर राहते, पाळी ठरलेल्या दिवशी येते आणि रक्तस्राव बहुधा निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक कमी होतो. वेदनाही कमी होतात, कारण कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये त्या अस्तरातच तयार होत असतात.

पाकिटावर काहीही छापलेले असले, तरी आजारासाठी हे औषध वापरणे ही नंतर काढलेली पळवाट नाही. अमेरिकेत एनोव्हिड नावाच्या गोळीला १९५७ साली पहिली मान्यता मिळाली ती पाळीच्या विकारांसाठीच, आणि गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळायला १९६० साल उजाडले. त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेनची मात्रा १५० मायक्रोग्रॅम होती. आज आपल्याकडच्या बहुतेक गोळ्यांत ती २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते. मागच्या पिढ्यांतील स्त्रियांनी या गोळ्यांविषयी जे ऐकले, त्यातला बराचसा भाग त्या जुन्या, मोठ्या मात्रेच्या गोळ्यांविषयीचा होता. त्यांची भीती निराधार नव्हती. ज्या औषधाविषयी ती होती, ते औषध आज या रूपात राहिलेले नाही, इतकेच.

आता आत्याबाईंच्या दोन्ही शंकांविषयी. गोळ्यांमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जात नाही. गोळ्या बंद केल्यावर साधारण एक ते तीन महिन्यांत स्त्रीबीज पुन्हा नियमित बाहेर पडू लागते, आणि वर्षभरात गर्भ राहण्याचे प्रमाण गोळ्या कधीच न घेतलेल्या स्त्रियांइतकेच असते. उंचीचे म्हणाल, तर मुलींची उंची झपाट्याने वाढते ती पाळी येण्याच्या आधी. पाळी आल्यानंतर दोन-अडीच वर्षांत ती जवळजवळ पूर्ण झालेली असते, त्यामुळे सोळाव्या वर्षी ही काळजी उरत नाही.

मात्र डॉक्टरांना काही गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिल्या पाळीपासूनच इतका रक्तस्राव होत असेल, दात काढताना किंवा खरचटल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, किंवा घरात आणखी कुणाला असा त्रास असेल, तर रक्त गोठण्याच्या क्रियेतील जन्मजात दोष शोधायला हवा. फॉन विलब्रँड नावाचा असा आजार मुलींमध्ये पुष्कळदा अतिरक्तस्रावाच्या रूपातच प्रथम लक्षात येतो. प्लेटलेट आणि थायरॉइडच्या तपासण्याही करून घ्याव्यात. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन सुधारल्याबरोबर थांबवू नयेत. शरीरातील साठा भरून निघण्यासाठी पुढे आणखी तीन महिने त्या लागतात.

आणि वडिलांना सांगावे. मुलीने औषध लपवून घ्यावे लागले, तर गोळ्या चुकतात, मधेच रक्तस्राव होतो आणि मग औषधच लागू पडले नाही असे सगळे म्हणतात. या गोळ्यांनी मुलींचे वागणे बिघडते, असे कुणी सुचवले तर त्यांना तिचा रक्ताचा अहवाल दाखवावा.

प्रश्न: मी सव्वीस वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. चार वर्षांपूर्वी पीसीओएसचे निदान झाले. गोळ्या चालू असताना पाळी वेळेवर येते, चेहऱ्यावरची मुरमे जातात; बंद केल्या की दोन-तीन महिने पाळी येत नाही. म्हणजे शरीराला गोळ्यांची सवय लागली आहे का? वजनही सहा किलो वाढले आहे. येत्या वर्षी लग्न आहे आणि मला गोळ्यांच्या या चक्रातून बाहेर पडायचे आहे.

उत्तर: सवय लागलेली नाही. गोळ्या सुरू करण्यापूर्वी तुमची पाळी जशी अनियमित होती, तशीच ती गोळ्या थांबल्यावर पुन्हा झाली. पीसीओएस हा गोळ्यांनी मुळापासून बरा होणारा आजार नाही, आणि हे औषध देताना स्पष्ट सांगितले जात नाही, याचे मला वाईट वाटते. कारण मग तुमच्यासारख्या मुलींना फसवणूक झाल्यासारखे वाटते आणि त्या उपचारच सोडून देतात.

गोळ्या जे काम करतात ते मात्र महत्त्वाचे आहे. पीसीओएसमध्ये महिनोन्महिने पाळी आली नाही, तर गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनचा एकतर्फी परिणाम होत राहतो आणि अनेक वर्षांनी तिथे कर्करोगाची शक्यता वाढते. गोळ्या ते अस्तर दर महिन्याला पातळ ठेवतात. दुसरे असे की, त्या यकृतात एक विशिष्ट प्रथिन वाढवतात, रक्तातील मोकळे टेस्टोस्टेरॉन त्या प्रथिनाला बांधले जाते, आणि म्हणून मुरमे व चेहऱ्यावरची लव कमी होते. मुरमांना साधारण तीन महिने आणि केसांना निदान सहा महिने द्यावे लागतात.

मुरमांसाठी आपल्याकडे सायप्रोटेरॉन असलेली गोळी सर्रास दिली जाते आणि वर्षानुवर्षे तीच चालू राहते. शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या जुन्या गोळीपेक्षा तिच्यात अधिक असतो, म्हणून त्वचा सुधारल्यावर गोळी बदलता येईल का, हे विचारायला हवे. गुठळीचा धोका किती, हेही आकड्यांत पाहिलेले बरे. गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांपैकी वर्षभरात सुमारे दोघींना असा त्रास होतो. गोळ्या घेणाऱ्यांत, गोळीच्या प्रकारानुसार, ही संख्या पाच ते बारापर्यंत जाते. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत धोका याहून बराच अधिक असतो, पण त्याविषयी घरात कुणी बोलत नाही.

वजनाविषयी झालेल्या अभ्यासांतून गोळ्यांमुळे लक्षणीय वजन वाढते असे सिद्ध झालेले नाही. सुरुवातीच्या महिन्यांत अंगात पाणी धरल्यासारखे काहींना वाटते, पण चार वर्षांत सहा किलोंचे मूळ पीसीओएसमधील इन्शुलिनच्या बिघाडात, बसून केलेल्या कामात आणि अवेळी जेवणात शोधावे लागेल. रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्यावा. वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले, तरी अनेकींची पाळी आपोआप सुधारते.

बाहेर पडायचे असेल तर गोळ्या कधीही थांबवता येतात. मधूनमधून शरीराला विश्रांती म्हणून त्या थांबवण्याची गरज नसते. उलट, थांबवून पुन्हा सुरू केल्यावरचे पहिले काही महिनेच गुठळीच्या दृष्टीने अधिक जोखमीचे असतात. थांबवल्यानंतर तीन महिने पाळी आली नाही, तर गर्भ नसल्याची खात्री करून काही दिवसांचे प्रोजेस्टेरॉन घेऊन पाळी आणावी. लग्नानंतर लगेच मूल हवे असेल, तर आधीपासून फॉलिक ॲसिड सुरू करावे. आणि गोळ्या थांबवल्यावर पाळी अनियमित आहे म्हणून गर्भ राहणारच नाही, असे समजून बेसावध राहू नये. पीसीओएस असलेल्या स्त्रियांनाही गर्भ राहतो.

प्रश्न: माझे वय बेचाळीस. दोन मुले आहेत, ऑपरेशन होऊन पंधरा वर्षे झाली. दोन वर्षांपासून अंगावरून फार जाते. आम्ही ऊसतोडीला जातो, तिथे फडात फार हाल होतात. एका डॉक्टरांनी सांगितले, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तालुक्याच्या मॅडमनी तपासून गोळ्या लिहून दिल्या. बायका म्हणतात, या गोळ्यांनीच कॅन्सर होतो, आणि तुझे तर ऑपरेशन झाले आहे, मग पाळणा लांबवायच्या गोळ्या तुला कशाला? मी लिहायला शिकले नाही, हे पत्र मुलीकडून लिहून घेतले आहे.
— बीड जिल्हा

उत्तर: ताई, हे उत्तर मुलीकडून दोनदा वाचून घ्या.

ऑपरेशनमध्ये फक्त बीजवाहक नलिका बंद केल्या जातात. बीजकोश आणि पिशवी आपापले काम करत राहतात, म्हणून पाळी येते आणि तिचे विकारही होऊ शकतात. तुम्हाला दिलेल्या गोळ्या पाळणा लांबवण्यासाठी नाहीत, रक्त कमी जाण्यासाठी आहेत.

अंगावरून जास्त जाते म्हणजे कॅन्सर होणारच, हे खरे नाही. तुमच्या वयात याची कारणे बहुधा संप्रेरकांतील बदल, पिशवीतल्या साध्या गाठी किंवा थायरॉइड ही असतात. पण ते गृहीत धरायचे नसते, तपासायचे असते. सोनोग्राफी, रक्त, थायरॉइड, पिशवीच्या तोंडाची तपासणी, आणि वय चाळिसाच्या पुढे असल्याने पिशवीच्या अस्तराचा नमुना, एवढे झाले पाहिजे. तालुक्याच्या मॅडमनी यांतले काय केले, ते विचारून घ्या. तपासण्यांशिवाय कुणीही पिशवी काढायला सांगत असेल, तर त्यांना होकार देऊ नका.

तुमच्या जिल्ह्यात हा प्रश्न किती मोठा आहे, हे महाराष्ट्राला माहीत आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांत विशी-तिशीतल्या बायकाही होत्या. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, खाडा पडला तर दंड, आणि त्यात पाळी. या परिस्थितीत पिशवी काढणे हाच सुटकेचा मार्ग वाटावा, यात त्या स्त्रियांचा दोष नाही. पण ज्या आजाराला चार-सहा महिने औषध पुरले असते, त्यासाठी मोठे ऑपरेशन करवून घेतल्यावर पुढे काय होते, हे त्यांना सांगितले गेले नाही. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले, तर त्याच दिवसापासून पाळी जाण्याची अवस्था सुरू होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराची शक्यता वाढते. केवळ पिशवी काढली, तरी बीजकोश काहीसे लवकर थकतात. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. म्हणजे तुमचा त्रास आणखी चार-पाच वर्षे आटोक्यात ठेवायचा आहे.

गोळ्यांनी कॅन्सर होतो का, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही, म्हणून सविस्तर देते. बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगापासून या गोळ्या संरक्षण देतात. २१ देशांतील ४५ अभ्यास एकत्र करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की, दहा वर्षे गोळ्या घेतल्यास पंचाहत्तरीपर्यंत बीजकोशाचा कर्करोग होण्याचे प्रमाण शंभरात १.२ वरून ०.८ वर येते, आणि हे संरक्षण गोळ्या थांबवल्यावरही अनेक वर्षे टिकते. अस्तराच्या कर्करोगाचा धोका गोळ्यांच्या दर पाच वर्षांमागे सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो, असे २०१५ च्या अशाच एका विश्लेषणात आढळले. दुसरी बाजूही आहे. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळ्या चालू असताना थोडा वाढतो. डेन्मार्कमधील सुमारे अठरा लाख स्त्रियांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संप्रेरकांची गर्भनिरोधके वर्षभर वापरणाऱ्या दर एक लाख स्त्रियांमागे तेरा अधिक रुग्ण दिसले. पाच वर्षांहून अधिक काळ गोळ्या घेतल्यास पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो आणि थांबवल्यावर हळूहळू उतरतो. तो कर्करोग मुळात एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो, म्हणून तुम्ही गोळ्या घ्या वा घेऊ नका, ती तपासणी चुकवायची नाही. एवढे सगळे तोलून पाहिले, तर काही महिने गोळ्या घेण्याचा धोका हा अंगातले रक्त असे सतत गमावण्याच्या धोक्यापेक्षा कमी आहे.

पण माझा एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मॅडमना खरे सांगा. तुम्ही मिश्री लावता का, तंबाखू खाता का, विडी ओढता का? तुमचा रक्तदाब मोजला का? पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला, रक्तदाब वाढलेला असणाऱ्या स्त्रीला, किंवा अर्धशिशीचे दुखणे उठण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमक वा काजवे दिसतात अशा स्त्रीला इस्ट्रोजेन असलेली गोळी देत नाहीत, कारण तिला पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका असतो. या भीतीला आधार आहे. बायका जी भीती सांगतात ती बहुधा नाहक असते, आणि जी भीती बाळगायला हवी ती कुणी सांगत नाही.

तुम्हाला इस्ट्रोजेन चालत नसेल तर इतर उपाय आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली आणि १९९१ पासून वापरात असलेली, संप्रेरके नसलेली एक गोळी आहे. सरकारी दवाखान्यांत ती ‘छाया’ नावाने गर्भनिरोधक म्हणून मोफत मिळते, आणि अतिरक्तस्रावासाठीही ती वेगळ्या मात्रेत दिली जाते. पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या आहेत. आणि प्रोजेस्टेरॉनसारखे द्रव्य हळूहळू सोडणारी, पिशवीत बसवायची एक तांबी आहे. ती महाग आहे, पण अनेक वर्षे चालते आणि रक्तस्राव फारच कमी करते. ऊसतोडीला सहा महिने बाहेर राहणाऱ्या बाईला रोज आठवणीने गोळी घेण्यापेक्षा ती अधिक सोयीची ठरते, म्हणून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तिची चौकशी जरूर करावी.

मोठ्या गाठी असतील, अस्तराच्या नमुन्यात दोष निघाला, किंवा औषधे नीट घेऊनही रक्त थांबले नाही, तर पिशवी काढणे हाच योग्य उपचार असू शकतो, आणि मग तो घाबरून टाळूही नये.

प्रश्न: घरातील पूजा, लग्न, पंढरपूरची वारी यांसाठी मी वर्षातून तीन-चार वेळा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेते. त्या चालू असताना गर्भ राहत नाही ना? आणि त्या वारंवार घेणे वाईट का?
— कोल्हापूर

उत्तर: या गोळ्या नॉरएथिस्टेरॉनच्या असतात आणि त्या गर्भनिरोधक म्हणून भरवशाच्या नाहीत. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी त्या सुरू केल्या जातात, आणि स्त्रीबीज तर त्याच्याही बरेच आधी बाहेर पडून गेलेले असते. त्यामुळे गर्भ राहण्याची शंका असेल, तर आधी तपासणी करावी. शिवाय या द्रव्याच्या थोड्या भागाचे शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते. ज्यांना पूर्वी शिरेत गुठळी झाली आहे, त्यांनी या गोळ्या घेऊ नयेत. निरोगी स्त्रीने वर्षातून एखादे वेळी घेतल्यास मोठे नुकसान होत नाही, परंतु दुकानातून चिठ्ठीशिवाय, जावेने सांगितलेल्या मात्रेत आणि दोन-दोन आठवडे त्या घेणे चुकीचे आहे.

तुम्हाला वर्षातून इतक्या वेळा त्यांची गरज पडत असेल आणि गर्भनिरोधनही हवे असेल, तर तपासणी करून रोजची संयुक्त गोळी घेणे अधिक सोयीचे. एकवीस गोळ्या संपल्या की सात दिवस न थांबता पुढचे पाकीट सुरू केले की पाळी पुढे जाते. सरकारी ‘माला-एन’च्या अठ्ठावीस गोळ्यांपैकी शेवटच्या सात केवळ लोहाच्या असतात. त्या सोडून थेट नव्या पाकिटातील पांढऱ्या गोळ्या सुरू करायच्या. त्या सात दिवसांत येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसतेच, संप्रेरके थांबल्याचा तो परिणाम असतो, त्यामुळे तो टाळल्याने रक्त आत साचून राहत नाही. अंगातले ‘वाईट रक्त’ बाहेर पडलेच पाहिजे, ही समजूत मनातून काढून टाकावी.

पाळीत पूजा करावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. मात्र नव्या सुनेला तिच्या मनाविरुद्ध या गोळ्या घ्यायला लावणे मला मान्य नाही.

प्रश्न: मागच्या महिन्यात मी तीन वेळा तातडीची गोळी घेतली. मैत्रीण म्हणते, हा एक प्रकारे गर्भपातच झाला. मला फार अपराधी वाटते आहे.
— मडगाव

उत्तर: तो गर्भपात नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही गोळी प्रामुख्याने स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. गर्भ आधीच राहिलेला असेल तर ती त्याला धक्का लावत नाही. गर्भपाताची औषधे, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, पूर्णपणे वेगळी आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे आहे, कारण गर्भ नलिकेत असला तर ती लागू पडत नाहीत आणि रक्तस्राव आतल्या आत होत राहतो.

तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी अधिक परिणामकारक असते. ती त्यानंतरच्या संबंधांपासून संरक्षण देत नाही, म्हणून महिन्यात तीनदा घ्यावी लागणे याचा अर्थ तुम्हाला नियमित साधनाची गरज आहे. रोजची गोळी नीट घेतली तर तिचा भरवसा याहून कितीतरी अधिक असतो. पाळी आठवडाभराहून अधिक लांबली तर लघवीची तपासणी करावी. लैंगिक आजारांपासून कोणतीच गोळी वाचवत नाही, त्यासाठी निरोधच हवा.

प्रश्न: माझी पत्नी दोन वर्षांपासून गर्भनिरोधक गोळ्या घेते. गेल्या महिन्यात तिला क्षयरोगाचे औषध सुरू झाले. दोन्ही एकत्र चालतात का?
— नाशिक

उत्तर: चालत नाहीत, आणि हे विचारलेत हे फार बरे झाले. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन हे औषध यकृताला गोळीतील संप्रेरके लवकर नष्ट करायला लावते, त्यामुळे गोळी रोज वेळेवर घेऊनही गर्भ राहू शकतो. फिट्स येऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या औषधांनीही तसेच होते. सर्दी-खोकल्याला किंवा दातदुखीला दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी मात्र असे होत नाही. उलटी-जुलाब झाले तरच काळजी घ्यावी.

क्षयरोगाचे औषध कोणत्याही परिस्थितीत थांबवू नये. आजपासून निरोध वापरावा, आणि तांबी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन, यांपैकी एक निवडावे; रिफाम्पिसिनचा परिणाम या दोन्हींवर होत नाही आणि ही दोन्ही साधने सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. या महिन्यात पाळी चुकली असेल तर तपासणी आधी करावी. उपचार संपल्यानंतरही रिफाम्पिसिनचा परिणाम साधारण चार आठवडे राहतो, त्यामुळे पुन्हा गोळ्यांवर यायचे असेल तर तेवढे दिवस निरोध चालू ठेवावा. क्षयरोगाच्या केंद्रावर आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, दोन्ही ठिकाणी चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे बरोबर न्यावीत.